शीटवर क्रीचर टाइप काय लिहायचा? खेळाडूंच्या प्रजाती, सांगाडे, गॉब्लिन आणि इतर

रानवाट

नवीन कॅम्पेन सुरू करतोय. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, नियम फाइव्ह-ईचे, म्हणजे पाचव्या आवृत्तीचे. २०१४ ची पुस्तकं आधाराला, २०२४ च्या आवृत्तीतलं जे पटेल ते उचलायचं, असं टेबलवर ठरलंय. सगळ्यांनी आपापली पात्रं सांगितली आणि त्यातली तीन मला विचार करायला लावतायत. एकीला सांगाडा खेळायचाय: हयातीत ग्रंथपाल होती, एक दुर्मिळ पोथी परत यायची राहिली म्हणून थडग्यातून उठली. एकाला गॉब्लिन हवाय. तिसऱ्यासाठी मी माझ्या जगातली शेवाळी जमात खेळायला मोकळी करतोय. शेवाळी म्हणजे दगडावर जन्मणारे, दोन पायांवर चालणारे, शेवाळ आणि बुरशी मिळून झालेले लोक. चौथी क्लेरिक आहे, म्हणजे देवाच्या शक्तीने बरं करणारी पुजारीण, आणि तिच्यामुळे माझा प्रश्न जास्तच अवघड झालाय.

या तिघांचा क्रीचर टाइप, म्हणजे नियमांच्या दृष्टीने जीवाचा प्रकार, काय धरावा?

सल्ला सहसा असा मिळतो की सगळ्यांना ह्यूमनॉइड करून टाका, बाकीचं नुसतं वर्णन. मला तो पटत नाही. माझं मत असं की नवी प्रजाती बनवताना आधी टाइप ठरवावा. वेग, डार्कव्हिजन, जन्मजात स्पेल हे सगळं त्याच्या मागून.

फाइव्ह-ईत टाइप चौदा: अ‍ॅबरेशन, बीस्ट, सेलेस्टियल, कन्स्ट्रक्ट, ड्रॅगन, एलिमेंटल, फे, फीन्ड, जायंट, ह्यूमनॉइड, मॉन्स्ट्रॉसिटी, ऊझ, प्लांट, अनडेड. टाइपला स्वतःचे नियम नाहीतच. अनडेड आहे म्हणून विष आपोआप बाधत नाही, असं नाही. ते ज्याच्या त्याच्या स्टॅटब्लॉकमध्ये (आकड्यांच्या चौकटीत) वेगळं लिहावं लागतं. टाइपचं वजन कळतं ते दुसऱ्यांच्या नियमांत. होल्ड पर्सन, चार्म पर्सन, डॉमिनेट पर्सन फक्त ह्यूमनॉइडवर चालतात. घोस्ट अंगात शिरतो तो ह्यूमनॉइडच्याच. वेअरवुल्फच्या चाव्याचा शाप ह्यूमनॉइडलाच लागतो. रीइन्कार्नेट मेलेल्या ह्यूमनॉइडलाच नवं शरीर देतो. ह्यूमनॉइड असणं म्हणजे बऱ्याच जणांना आपल्यावर हात टाकायची मुभा देणं, आणि आपण तो शब्द वाचतही नाही. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमधल्या नऊही वंशांचा टाइप तोच. ड्रॅगनबॉर्न आणि टीफलिंगसुद्धा त्यातच.

आता फे बघा. २०२१ मध्ये फेअरी खेळाडूंसाठी आली, टाइप फे. वर लिहिलेल्या सगळ्यातून ती पहिल्या लेव्हललाच सुटते. पण मॅजिक सर्कल, हॅलो आणि फॉरबिडन्स या तिन्ही स्पेलच्या २०१४ च्या यादीत सेलेस्टियल, एलिमेंटल, फे, फीन्ड आणि अनडेड आहेत. हॅलोने जागा पवित्र होते; तो करणाऱ्याने फे वगळलेले नसतील, तर त्या देवळात फेअरीला पाऊल टाकता येत नाही. ती मनाने कितीही चांगली असो, देव तिचा असो वा नसो.

म्हणून टाइप ठरवणं म्हणजे या जगात या जमातीवर कोणाचा अंमल चालतो ते ठरवणं, असं मी मानतो. तो निर्णय शेवटी उरकून टाकायचा नसतो. तुमच्या टेबलांवर काय करता ते लिहा.

पहिलाच_फासा

मी नवीन आहे, नुकतंच खेळायला लागलोय. एल्फ, गॉब्लिनॉइड, ऑर्क हे टाइप नाहीत का मग? राक्षसांच्या पुस्तकात टाइपच्या पुढे हे शब्द दिसतात.

वीसकोनी

@पहिलाच_फासा, ते टॅग. टाइप वरची पातळी, टॅग खालची. बहुतेक नियम टाइप बघतात, काही थोडे टॅग किंवा प्रजाती बघतात. २०१४ चा घूल घ्या. त्याच्या नखांनी लकवा भरतो, पण एल्फ आणि अनडेड यांना नाही. त्यात अनडेड हा टाइप झाला आणि एल्फ ही प्रजाती. एकाच वाक्यात दोन्ही पातळ्या आल्यात.

रानवाट, आधी टाइप हे मान्य. पण हा विचार पूर्वी किती जड होता ते माहीत असलं तर फाइव्ह-ईने काय सोडलं ते कळतं. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा सगळा राक्षस टाइपवरच उभा राहायचा. टाइप कळला की हिट डाइस (हिट पॉइंट ठरवणारे फासे), अटॅक बोनस, कुठले सेव्ह (संकट टाळायचे फासे) चांगले, स्किल पॉइंट किती, सगळं ठरलं. ड्रॅगन असेल तर डी१२ (बारा बाजूंचा फासा), फे असेल तर डी६. अनडेडला कॉन्स्टिट्यूशन हा आकडाच नाही, आणि विष, रोग, लकवा, क्रिटिकल हिट, मनावरचे परिणाम यांपैकी काही लागू नाही. असं पात्र पहिल्या लेव्हलला पार्टीत बसवणार कसं? म्हणून लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट आली. ताकदीच्या बदल्यात पात्र तितक्या लेव्हल वरचं धरायचं: टीफलिंग अधिक एक, ड्राउ अधिक दोन, व्हॅम्पायर अधिक आठ. मिनोटॉरचे स्वतःचे सहा हिट डाइस आणि वर दोन, म्हणजे क्लासची एकही लेव्हल न घेता तो आठव्या लेव्हलचा धरायचा.

कागदावर हे न्याय्य दिसतं. खेळताना ड्राउ विझार्ड कायम दोन लेव्हल मागे. बाकीच्यांचा फायरबॉल उडायला लागला तरी हिचा अजून लांबच, आणि हिट पॉइंटही कमी. प्रजातीची किंमत एकदाच भरायची असते; इथे ती कॅम्पेन संपेपर्यंत भरत राहायची.

त्या काळातला माझा आवडता तोडगा वॉरफोर्ज्डचा. २००४ मध्ये एबेरॉन हे जग आलं आणि त्यात यंत्रमानव खेळायला मिळाले. त्यांचा टाइप कन्स्ट्रक्टच ठेवला, पण 'लिव्हिंग कन्स्ट्रक्ट' असा सबटाइप देऊन. कॉन्स्टिट्यूशन आहे, क्रिटिकल हिट लागतात, मनावर परिणाम होतो, आणि बरं करणाऱ्या स्पेलचा परिणाम निम्मा. त्या निम्म्यातून प्रत्येक लढाईत आठवण राहायची की हे पात्र हाडामांसाचं नाही, आणि तरी खेळता यायचं. २०१९ च्या फाइव्ह-ई पुस्तकात त्यांना सरळ ह्यूमनॉइड केलं, तेव्हा सोय झाली पण चव गेली, असं माझं ठाम मत आहे.

जुनी_वही

चांगला विषय. थोडं मागे जाते.

१९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये माणसाशिवाय ड्वॉर्फ, एल्फ आणि हॉबिट होते. हॉबिट पुढे कायदेशीर अडचणीमुळे हाफलिंग झाले. ड्वॉर्फ फायटर म्हणून सहाव्या लेव्हलपर्यंत जायचा, हाफलिंग चौथीपर्यंत, बस. माणसाला मर्यादा नाही. पण त्याच पुस्तकात हेही लिहिलंय की खेळाडूला जवळजवळ काहीही होऊ द्यायला हरकत नाही, फक्त सुरुवात दुबळी हवी. ड्रॅगन व्हायचंय? मग ड्रॅगनचं पिल्लू म्हणून सुरू करा. म्हणजे खेळाच्या जन्मापासूनच हे दार उघडं आहे. 'राक्षस खेळायला देणं ही हल्लीची फॅशन' असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं, कारण ते खरं नाही.

१९७६ मध्ये 'मॉन्स्टर्स! मॉन्स्टर्स!' हा आख्खा खेळच राक्षसांच्या बाजूने खेळायचा होता. १९८१ च्या बेसिक संचात तर एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग हे क्लासच होते. एल्फ म्हटलं की तलवारही आली आणि जादूही, वेगळा क्लास निवडायचा नाही. १९९४ मध्ये 'कौन्सिल ऑफ वर्म्स'मध्ये सगळी पार्टी ड्रॅगनची.

पण माझा मुद्दा रानवाट यांच्यापेक्षा वेगळा आहे. टाइप आणि खेळाडूची प्रजाती यांत भिंत का आली? कारण या खेळाने राक्षस आणि पात्र दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिले. राक्षसाला हिट डाइस आणि हल्ले, पात्राला क्लास आणि लेव्हल. १९७८ चा रूनक्वेस्ट हा दुसरा खेळ बघा. त्यात ट्रोल असो, बदकमाणूस असो की माणूस, ताकद, आकार, चपळाई हे सगळं एकाच मापाने मोजलेलं. कौशल्यं टक्क्यांत. फरक फक्त फासे किती टाकायचे यात. तिथे ट्रोल खेळायला कोणाची परवानगी आणि कुठलं वेगळं पुस्तक लागत नाही. आकडे टाका आणि बसा. ट्रोल माणसापेक्षा दांडगा असतो हे लपवलेलंही नाही. १९८२ मध्ये ट्रोलांवर स्वतंत्र संच निघाला, त्यात त्यांचा इतिहास, आहार, शाप सगळं आलं, आणि तो नुसता मारायच्या राक्षसांचा तपशील नव्हता.

तर रानवाट, टाइप आधी ठरवा, जरूर ठरवा. पण तुमच्या सांगाड्याचा आणि वाटेत भेटणाऱ्या सांगाड्यांचा हिशोब एकच आहे की दोन, हे त्याच्याही आधी ठरवायला हवं.

धुकेरी

वहीताईंचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्याला धरूनच लिहिते. मी पाथफाइंडर हा वेगळा खेळ चालवते, सेकंड एडिशन, २०१९ पासूनची. तिथे एकच टाइप असा चौकोन नाही, ट्रेट आहेत, म्हणजे लेबलं. एका प्राण्यावर हवे तितके. सांगाड्यावर अनडेड असतो, त्याच्या शेजारी सांगाड्याचा स्वतःचा ट्रेट बसतो. २०२२ च्या 'बुक ऑफ द डेड'मध्ये सांगाडा ही खेळाडूंची अँसेस्ट्री (तिथला प्रजातीचा शब्द) म्हणून आली आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे तयार आहे.

राक्षस असलेला अनडेड शून्य हिट पॉइंटला नष्ट होतो. खेळाडूचा अनडेड होत नाही. तो इतरांसारखाच बेशुद्ध पडतो आणि मरणाच्या वाटेला लागतो, त्याला वाचवता येतं. विष, रोग, मृत्यूचे परिणाम यांपासून पूर्ण अभय नाही, थोडा बोनस आहे. म्हणजे टाइप तोच, पण खेळाडूसाठी धार बोथट केलेली, आणि ती का केली हेही पुस्तकात उघड सांगितलंय.

पण एक गोष्ट त्यांनी बोथट केली नाही, आणि मला तेच आवडतं. बरं होणं उलटं. हील स्पेल जिवंतांना बरं करतो, अनडेडला इजा करतो. हार्म त्याच्या उलट. क्लेरिकने तीन अ‍ॅक्शन घालून हील टाकला की तीस फुटांतले सगळे जिवंत बरे होतात आणि सगळ्या अनडेडना मार बसतो, त्यात आपला सांगाडाही आला. माझ्या टेबलवर यामुळे लढाईची मांडणीच बदलली. सांगाडा खेळणारी मुलगी मुद्दाम लांब उभी राहायची, क्लेरिक तिच्या नावाने आधी ओरडायची, मग स्पेल. नियमाच्या एका ओळीतून दोन पात्रांमध्ये नातं तयार झालं. कोणी कथा रचून सांगितली नव्हती.

तुमच्या पार्टीत क्लेरिक आहे म्हणता. मग हे सोडू नका.

रानवाट

धुकेरी, हेच शोधत होतो. फाइव्ह-ईत २०१४ चा क्युअर वूंड्स अनडेड आणि कन्स्ट्रक्टवर चालतच नाही. उलटा नाही, नुसता निष्फळ. २०२४ मध्ये ती अट काढली, आता कोणालाही बरं करतो. क्लेरिकची अनडेडना पळवून लावायची शक्ती, टर्न अनडेड, तीही बघा. २०१४ मध्ये तीस फुटांतले, बघू-ऐकू शकणारे सगळे अनडेड त्यात येतात, आपला-परका नाही. २०२४ मध्ये क्लेरिकने निवडलेले. दोन आवृत्त्यांत दोन वेगळी उत्तरं आहेत आणि दोन्ही मला अर्धी पटतात.

सांगाड्यासाठी सध्या असा विचार आहे: टाइप अनडेड, खराखुरा. टर्न अनडेड २०१४ चा, म्हणजे तिलाही सेव्ह टाकावा लागेल. क्युअर वूंड्स २०२४ चा, म्हणजे ती बरी होऊ शकेल. नाहीतर ती पहिल्याच तळघरात कायमची संपेल.

निळा_कोबोल्ड

गॉब्लिनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. खरी गुंतागुंत तिथेच आहे.

२०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये बऱ्याच जमातींचा टाइप बदलला. गॉब्लिन फे झाले. कोबोल्ड ड्रॅगन झाले. नोल फीन्ड झाले. त्याआधी हे सगळे ह्यूमनॉइड होते. मला हा बदल जगाच्या दृष्टीने आवडला. कोबोल्ड ड्रॅगनच्या रक्ताशी बांधलेले असणं, नोल एका राक्षसी भुकेतून जन्मलेले असणं, हे पूर्वी वर्णनात होतं, आता नियमात आलं. पण परिणाम बघा. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पार्टीचा सगळ्यात नेहमीचा शत्रू गॉब्लिन. त्याला चार्म पर्सन टाकून बोलतं करायचं, होल्ड पर्सनने जागीच थिजवायचं, हे विझार्ड आणि बार्डचे पहिले धडे होते. आता ते चालत नाहीत. उलट प्रोटेक्शन फ्रॉम एव्हिल अँड गुड, जो पूर्वी गॉब्लिनांसमोर निरुपयोगी होता, तो उपयोगी झाला.

आणि खेळाडूचा गॉब्लिन? २०२२ च्या पुस्तकातला गॉब्लिन ह्यूमनॉइड आहे, सोबत गॉब्लिनॉइड धरायचा, आणि त्याला फे अँसेस्ट्री नावाचा गुण आहे, ज्याने चार्मविरुद्ध सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. दोन्ही पुस्तकं एकत्र वापरली की पार्टीतला गॉब्लिन ह्यूमनॉइड आणि समोर उभा त्याचा सख्खा भाऊ फे. होल्ड पर्सन टाकला तर एक थिजेल, दुसरा नाही. वहीताई म्हणाल्या तो एकच हिशोब की दोन, हा प्रश्न इथे नियमांनीच निर्माण केलाय.

माझ्या टेबलवर मी सगळे गॉब्लिन ह्यूमनॉइडच ठेवलेत. मला माझ्या जगात गॉब्लिन म्हणजे शेजारच्या खोऱ्यातले लोक हवे आहेत, दुसऱ्या जगातून झिरपलेलं काही नको.

पाषाणहृदय

सगळं वाचलं. आदर ठेवून असहमत आहे.

टाइपची ही सगळी चर्चा लढाईपुरती आहे. कुठला स्पेल लागतो, कुठला नाही, एवढंच. एखादी प्रजाती खेळताना ती माणसापेक्षा वेगळी वाटली पाहिजे, आणि ते होल्ड पर्सनमधून येत नाही. एल्फ सातशे वर्षं जगतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. टेबलवर तो बहुतेक वेळा टोकदार कानांचा माणूस असतो, कारण नियम त्या सातशे वर्षांबद्दल काही विचारत नाहीत.

बर्निंग व्हील या खेळात प्रत्येक जमातीला एक भावना आकड्याने दिलेली असते. एल्फला ग्रीफ, ड्वॉर्फला ग्रीड, ऑर्कला हेट्रेड. एल्फने मृत्यू, फसवणूक, विनाश पाहिला की त्याचं दुःख वाढत जातं. दुःख कामालाही येतं. अडलेल्या वेळी त्याच्या बळावर जास्त फासे मिळतात. पण ते दहावर पोचलं की ते पात्र खेळातून जातं, परत येत नाही. ड्वॉर्फचा लोभ तसाच. तो त्याला उत्तम कारागीर करतो आणि तोच एखाद्या रत्नापायी मित्राला सोडायला लावू शकतो. तिथे एल्फ खेळलेला माणूस मला सांगायचा की प्रत्येक वाईट बातमी ऐकताना हात आधी शीटकडे जातो. दीर्घायुष्याचं ओझं ते हेच.

शेवाळी लोकांचा टाइप प्लांट की ह्यूमनॉइड, याने त्यांच्याबद्दल मला काहीही कळत नाही. त्यांना काय हवं असतं? एकटे असताना त्यांना काय होतं? दगडावर जन्मलेल्या जमातीला नदी ओलांडताना काय वाटतं? त्याला नियम द्या.

वीसकोनी

@पाषाणहृदय, मुद्दा मोठा आहे, पण टाइप फक्त लढाईपुरता हे मान्य नाही. रानवाट यांच्या पहिल्या पोस्टमधली हॅलोची गोष्ट घ्या. आमच्याकडे फेअरी खेळणारीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं. पार्टी जखमी होऊन एका पवित्र ठिकाणी आश्रयाला गेली. सगळे आत, ती उंबऱ्यावर. पुजारी दयाळू होता, त्याने अडवलं नव्हतं, जागेनेच अडवलं. पार्टीने आत झोपायचं की तिच्यासोबत बाहेर पावसात बसायचं, यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी पॅलाडिन बाहेर येऊन बसला. त्या प्रसंगात फासा एकदाही पडला नाही. टाइप नसता तर प्रसंगही नसता.

भावनेचा नियम उत्तमच. पण तो आतून लागतो आणि टाइप बाहेरून. जग तुम्हाला काय समजतं ते टाइपमधून कळतं, मग तुम्ही स्वतःला काहीही समजा. सांगाडा झालेल्या ग्रंथपालबाईंसाठी तर हा फरक फारच खरा आहे.

पाषाणहृदय

@वीसकोनी, बाहेरून आणि आतून, ही मांडणी मला चालेल. दोन्ही लिहा मग. माझी तक्रार एकच, की पुस्तकं पहिलं लिहितात आणि दुसरं खेळाडूवर सोडतात.

पहिलाच_फासा

एक शंका. वर सगळे टाइपबद्दल बोलतायत, पण एल्फला डेक्स्टेरिटी अधिक दोन, ड्वॉर्फला कॉन्स्टिट्यूशन अधिक दोन, हे महत्त्वाचं नाही का? मी तर तेच बघून निवडलं.

धुकेरी

@पहिलाच_फासा, २०१४ मध्ये होतं. २०२० मध्ये तो बोनस हवा तिथे हलवायची मुभा मिळाली, आणि २०२४ मध्ये तो प्रजातीकडून काढून बॅकग्राउंडकडे दिला. त्या पुस्तकात दहा प्रजाती आहेत. गोलायथ, आसिमार आणि ऑर्क आत आले, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क वेगळ्या नोंदी म्हणून राहिले नाहीत. मला हे योग्य वाटतं, कारण पूर्वी बोनसच निवड ठरवायचा आणि विझार्ड म्हटलं की तेच ते दोन-तीन वंश दिसायचे. पण आकडे गेल्यावर प्रजातीजवळ उरतात ते गुण आणि टाइप. म्हणून टाइपचं वजन आज पूर्वीपेक्षा जास्त आहे. रानवाट योग्य वेळी विचारतायत.

उडणं मात्र या सगळ्यापेक्षा जड, हे लक्षात ठेव. पहिल्या लेव्हलला उडता येणारी प्रजाती आली की डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, प्रत्येक दरी, भिंत आणि खंदक नव्याने मांडावा लागतो. त्यासमोर टाइपचा फायदा किरकोळ.

जुनी_वही

धुकेरींना अनुमोदन. ताकदीचा हिशोब करताना टाइपला पुण्य-पापाच्या दोन बाजू असतात आणि बहुतेक वेळा त्या फिटतात. ह्यूमनॉइड नसल्याने जे चुकतं त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी लागू होतं. उडण्याला अशी दुसरी बाजू नाही.

रानवाट

सगळ्यांचे आभार. सेशन झीरोला, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत, टेबलसमोर ठेवायचं ते असं ठरवतोय.

सांगाडा: अनडेड, आधी लिहिलं तसं. पाथफाइंडरकडून एक गोष्ट घेतोय: शून्यावर आली की ती कोसळून नष्ट होत नाही, इतरांसारखे डेथ सेव्ह टाकते. आणि पाषाणहृदय, तुमच्याकडून दुसरी. तिच्या शीटवर 'ओढ' नावाचा आकडा असेल. पोथीच्या जवळ नेणारं काही सापडलं की वाढेल, पोथीकडे पाठ फिरवली की उतरेल, शून्य झाला की हाडांना उभं राहायचं कारण उरणार नाही. ओढ खर्च करून टर्न अनडेडविरुद्धचा सेव्ह पुन्हा टाकता येईल.

गॉब्लिन: सगळे ह्यूमनॉइड, पार्टीतलाही आणि समोरचेही. निळा_कोबोल्ड यांचं कारण मला माझ्या जगासाठीही पटलं, तिथे गॉब्लिन आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाण्यावर भांडत आली आहेत. शिवाय खेळाडूला स्वतःच्या भावाबंदांपेक्षा वेगळ्या नियमात ठेवणं मला नको.

शेवाळी: प्लांट. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले मायकोनिड बुरशीचे असूनही प्लांटच आहेत, म्हणजे आधार आहे. यावर मात्र अजून मतं हवीत, कारण प्लांट टाइपच्या खेळाडूंचा मला अनुभव नाही.

धुकेरी

पाथफाइंडरच्या २०२३ च्या प्लेअर कोअरमध्ये लेशी आहेत, वनस्पतीत आत्मा येऊन झालेले लोक. त्यांच्यात बुरशीचा लेशी हा वेगळा हेरिटेज, म्हणजे पोटप्रकार, आहे, आणि त्याला प्लांटऐवजी फंगस ट्रेट मिळतो. तुमचे शेवाळी दोन्हींचे मिळून झालेले आहेत, तेव्हा ते पान वाचायला घ्या. स्वभाव लिहिताना उपयोग होईल.

वीसकोनी

प्लांट धरताय तर ब्लाइट आत्ताच वाचून ठेवा. चौथ्या पातळीचा स्पेल, आठ डी८ नेक्रॉटिक. २०१४ च्या पुस्तकात लक्ष्य प्लांट असेल तर सेव्हला डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि डॅमेज थेट कमाल, म्हणजे ६४. सातव्या लेव्हलच्या शेवाळीला पूर्ण हिट पॉइंट असतानाही तो एका फटक्यात आडवा करू शकतो. इतर टाइपच्या कमकुवत बाजू पसरलेल्या असतात, प्लांटची एकाच जागी गोळा झालेली आहे. मी डीएम असतो तर खेळाडूला पहिल्याच दिवशी स्पेलचं नाव सांगितलं असतं, म्हणजे ब्लाइट येणारा शत्रू जगात दिसला की त्याला आधीच भीती वाटेल. आणि कमाल डॅमेजच्या जागी खेळाडूसाठी फासे टाकून येईल तेवढं, डिसअ‍ॅडव्हान्टेज मात्र तसाच, एवढी सूट दिली असती.

निळा_कोबोल्ड

वीसकोनींच्या सुटीला पाठिंबा. आणि रानवाट, आगीची व्हल्नरेबिलिटी देऊ नका. वनस्पती आहे म्हटल्यावर मोह होतो, पण व्हल्नरेबिलिटीने डॅमेज दुप्पट होतं आणि आग हा खेळातल्या नेहमीच्या डॅमेज प्रकारांपैकी एक आहे. त्याऐवजी असं करा: शेवाळीने लाँग रेस्ट ओल्या दगडाजवळ किंवा पाण्याजवळ घेतली नाही तर तिला त्या रात्रीचे हिट डाइस परत मिळत नाहीत. वाळवंटात गेल्यावर आख्खी पार्टी तिच्यासाठी पाणी वाहून नेईल, आणि पाषाणहृदय यांनी विचारलेल्या नदीच्या प्रश्नाचंही उत्तर खेळता खेळता मिळेल.

रानवाट

ब्लाइटची सूट आणि ओल्या दगडाचा नियम, दोन्ही घेतले. नदी ओलांडताना शेवाळीला काय वाटतं ते मी ठरवत नाही, खेळणाऱ्यालाच विचारतो. पहिल्या सेशनचा शेवट काठावरच करतोय.